ठशातला माणूस



१९३० साली गांधीजी मीठ उचलायला दांडीला चालत गेले. तो प्रसंग चित्रकार नंदलाल बोस यांनी लिनोलियमवर कोरला आणि कागदावर त्याचा ठसा उमटवला. काळ्याभोर कागदावर मोजक्या पांढऱ्या रेषा. हातात काठी, पुढे पडलेलं पाऊल, किंचित झुकलेला देह. जिथं कोरलं तिथं शाई लागत नाही, तेवढा भाग पांढरा राहतो. एकदा कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून ठशांच्या या कलेत फापटपसारा चालत नाही. 

लाकूड असो की लिनोलियम, एका ठोकळ्यातून कितीतरी ठसे निघतात. छापखाना नसला तरी चमच्याच्या पाठीनं कागद घासला की चित्र उमटतं. म्हणूनच चळवळींनी ही कला जवळ केली. १९३१च्या ऑगस्टमध्ये चिनी लेखक लू शुन यांनी शांघायमध्ये तरुण चित्रकारांसाठी सहा दिवसांचा काष्ठठशांचा वर्ग भरवला. शिक्षक जपानी होते आणि दुभाष्याचं काम स्वतः लू शुन करत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत भूक आणि युद्ध यांची हकीकत या ठशांनी पोचवली.

आपल्याकडे हे काम चित्रकार चित्तप्रसाद यांनी केलं. बंगालच्या १९४३च्या दुष्काळावरचं त्यांचं सचित्र पुस्तक इंग्रज सरकारनं जप्त करून जाळलं. १९४६पासून ते मुंबईत राहिले. कम्युनिस्ट पक्षासाठी त्यांनी झटून चित्रं काढली. पुढे पक्षापासून ते दुरावले, पण कोरणी खाली ठेवली नाही. खेळायच्या वयात राबणारी मुलं त्यांनी एकामागून एक कोरली.

मला यातली मोठी गोष्ट ही वाटते. चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर ठशांतले चेहरे हुकमानुसार हसू लागले आणि चित्रांतला जीव गेला. चित्तप्रसादांचा पक्ष सुटला, माणूस सुटला नाही. त्यांची चित्रं आजही आपल्याला जाब विचारतात. विचारसरणी कोणतीही असो, समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं तरच ठसा खरा उतरतो.

असं पाहणं आपल्यालाही जमेल. आपला केळापूर तालुका कपाशीचा. वेचणीला वाकलेल्या बाईची पाठ, कर्जापायी खचलेल्या शेतकऱ्याचा चेहरा आपण रोज पाहतो. आपल्या शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : मुलांच्या हाती कोरणी द्या. केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात ते ठसे लोकांसमोर मांडा. आपलं दुःख दुसऱ्यानं येऊन रंगवायची वाट कशाला पाहायची? ते आपल्या मुलांनाच कोरू द्या.