दुसरी शस्त्रक्रिया आणि कामकरी माणूस



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेचे बोलावणे आले म्हणजे तो महागाईभत्ता, बोनस, नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आम्ही आज वजन कमी करण्यासाठी पोटावर कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी, आणि त्यातही दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. कॉलेजची पायरीही आम्ही चढलेलो नाही. परंतु रजेचा अर्ज, विम्याचा नाकारलेला दावा आणि हलक्या कामाची विनंती हे तिन्ही कागद अखेर युनियनच्या कचेरीत येतात, आणि कागद समजून घ्यायचा तर त्यामागचा रोगही समजून घ्यावा लागतो.

पहिली शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे चार लोक कौतुक करतात. पाच-सात वर्षांनी त्याचे वजन पुन्हा चढू लागले, किंवा रात्री घशाशी आंबट येऊन झोप उडू लागली, आणि डॉक्टरांनी पुन्हा शस्त्रक्रिया सुचविली, की तेच लोक म्हणतात, "एवढे पैसे घातले, पण जिभेवर ताबा नाही." पोटात काय बिघडले याचा तपास राहतो बाजूला, आणि त्याच्या ताटाचा तपास सुरू होतो. मग तो माणूस तपासणीला जाणे टाळतो, रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' असे लिहितो, आणि पुरता सावरण्याआधी कामावर हजर होतो. ही लाज त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तिचा बंदोबस्त आधी केला पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घ्या की खुद्द या शस्त्रविद्येनेच आपली दुरुस्ती पुन्हापुन्हा केलेली आहे. 1954 साली अमेरिकेतील मिनेसोटात क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून देण्याची रीत प्रसिद्ध केली. वजन उतरले, पण पुढे यकृताचे आणि मूतखड्याचे विकार उद्भवू लागले, आणि ती रीत सोडून द्यावी लागली. 1966 च्या सुमारास आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास पुढे आणला. नंतर जठराभोवती आवळायचा बँड आला. तो कित्येकांच्या बाबतीत घसरला, किंवा जठरात रुतला, आणि काढावा लागला. आज सर्वाधिक होते ती 'स्लीव्ह'. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. या नळीमुळे काहींना आम्लाचा त्रास नव्याने जडतो, आणि तो औषधाने आवरला नाही तर स्लीव्हचा बायपास करावा लागतो. अशा रोग्याच्या जिभेचा यात काय अपराध?

आता वजन परत चढण्याविषयी. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले. शरीराने आपला खर्च कमी केला, नाडी मंदावली, मन रात्रंदिवस अन्नाभोवती फिरू लागले. आणि अन्न मोकळे होताच त्यांची चरबी पूर्वीपेक्षाही वाढली. गमावलेले वजन परत मिळविणे हा शरीराचा धर्मच आहे. शस्त्रक्रिया त्याला बराच आवर घालते, पण तो पुसून टाकीत नाही. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. त्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले आणि दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर स्थिरावली. बँडवाल्यांची 20 वरून 14 वर आली. म्हणजे थोडे परत चढणे हा नियमच आहे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले, हेही विसरू नये.

मात्र दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते. आतील अवयव जुन्या व्रणांनी एकमेकांना चिकटलेले असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो, आणि जोडातून गळती होण्याचा धोका अधिक असतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, असे आपण हसून म्हणतो. येथे ताक फुंकून पिणे हेच शहाणपण होय.

तेव्हा तयारी कशी करावी? संपाची नोटीस देण्यापूर्वी आम्ही जुना करार काढून ओळ न् ओळ वाचतो. तसेच पहिल्या शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल त्या इस्पितळातून मागून घ्यावा. 'पोटाचे ऑपरेशन झाले' एवढ्या एका ओळीवर नव्या सर्जनचे भागत नाही. मग दुर्बिणीची तपासणी आणि बेरियम पाजून क्ष-किरण. त्यांवरून नळी रुंदावली आहे, पिळवटली आहे, की जठर वर छातीत सरकले आहे, हे कळते. रक्तातील लोह, बी-12, ड जीवनसत्त्व आणि साखर पाहावी. घोरण्याचा रोग असेल तर तो भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावा. तंबाखू, विडी, मिश्री सर्व आठवडे-आधी बंद. धुराने जखम भरणे लांबते आणि बायपासच्या जोडावर व्रण होतो. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे अल्पाहार देतात तो यकृत आकसून सर्जनच्या हाताला जागा व्हावी म्हणून. त्या काळात मधुमेहाच्या औषधांची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, नाहीतर साखर एकाएकी उतरते.

सर्जनला विचारावयाचे प्रश्नही लिहून न्यावे. आपण दुसऱ्या खेपेच्या अशा शस्त्रक्रिया किती केल्या? रात्री-अपरात्री त्रास झाला तर इस्पितळात कोण असेल? औषधाने भागण्यासारखे आहे काय? भूक कमी करणारी टोचून घ्यायची नवी औषधे 2025 पासून आपल्या देशात रीतसर विक्रीस आली आहेत. केवळ वजन चढले असेल तर त्यांचा विचार आधी होऊ शकतो. बँड रुतला असेल तेथे मात्र औषध काय करणार? प्रश्न विचारला म्हणून रागावणारा डॉक्टर आणि प्रश्न विचारला म्हणून रागावणारा मॅनेजर यांत आम्ही फरक करीत नाही.

विम्याचे कलम शस्त्रक्रियेआधी वाचावे. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली ठरविलेल्या नमुन्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यास अटी आहेत. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक 40 असावा, किंवा 35 असून सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वासरोध अथवा ताब्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर विकार असावा. पहिल्या शस्त्रक्रियेने ज्याचे वजन उतरले, पण आम्लाने अन्ननलिका भाजून निघाली, तो या अटीत बसेलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेचे खरे कारण सर्जनकडून लेखी घ्यावे आणि विमा कंपनीची मंजुरी आगाऊ मागावी.

शस्त्रक्रिया म्हणजे करारावरची सही. अंमलबजावणी पुढेच असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालावयास लावतात, ते पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. आधी घोट घोट पाणी, मुगाच्या डाळीची निवळ, पातळ ताक. मग दाट पेये, मग घोटलेले वरण, मऊ भात, मऊ शिजवलेले अंडे. भाकरी कित्येक आठवड्यांनी. प्रत्येक पायरी डॉक्टर सांगतील तेव्हाच चढावी. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिने लागतात आणि एका अंड्यात ती सुमारे 6 ग्रॅम असतात. यावरून आहारतज्ज्ञ कशाला हवा ते कळेल. जेवताना पाणी पिऊ नये, अर्धा तास थांबावे. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम जन्मभर घ्यावयाचे आहे. अंगदुखीवर पानाच्या गादीवरून आणलेली गोळी बायपासवाल्याने तोंडात टाकू नये. तिने व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दारू आता लवकर चढते आणि तिचे व्यसनही लवकर जडते.

काही खुणा घरच्यांनीही पाठ कराव्या. नाडी मिनिटाला 120 च्या वर टिकून राहणे, ताप, पोटात वाढती कळ, धाप, एका पायाला सूज, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. उलट्या थांबतच नसतील तर बी-1 जीवनसत्त्व संपून मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. 'पचेल हळूहळू' म्हणून बसू नये.

आता आमचा प्रश्न. एवढे सारे पथ्य कामकरी माणसाने पाळावे कोठे? त्याला दर दोन-तीन तासांनी थोडेथोडे खावे लागते. पाळीत जेवणाची सुट्टी असते अर्ध्या तासाची. त्याने घास सावकाश चावून गिळावा, तर मागे भोंगा वाजतो. चार-सहा आठवडे त्याने जड उचलू नये, आणि खात्यात हलके काम नाही असे उत्तर मिळते. कँटीनमध्ये मिळतो तो तळलेला वडा आणि गोड चहा. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह आवश्यक केले होते. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेने तो आकडा 100 वर आणला. उपाहारगृह कायद्याने दिले, पण त्यात वरणाची वाटी, उकडलेले अंडे आणि ताक असावे, ही मागणी आपल्यालाच करावी लागेल.

म्हणून आम्ही असे सुचवितो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मुदतीपर्यंत हलके काम, पाळीत खाण्यासाठी पाच-पाच मिनिटांच्या दोन-तीन जादा सुट्ट्या, आणि वर्षातून ठरावीक तपासण्यांसाठी भरपगारी रजा, ही कलमे करारात यावीत. आणि आजाराचे नाव मॅनेजरच्या टेबलावरून खात्यात पसरू नये. यात कारखान्याचे फारसे काही जात नाही. माणूस मात्र वाचतो.

यंत्राचा एखादा भाग दुसऱ्यांदा बदलावा लागला तर फिटर यंत्राला शिव्या देत बसत नाही. तो आधीच्या दुरुस्तीची नोंद काढतो, दोष कोठे आहे तो पाहतो, आणि दुरुस्तीनंतर काही दिवस यंत्र कमी वेगाने चालवतो. एवढी समज आपण लोखंडाच्या बाबतीत दाखवितो. ती शेजारच्या मशिनवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत दाखवावी, एवढेच आमचे मागणे आहे.