आवृत्ती निघण्यापूर्वीची रंगीत तालीम
(शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आपल्या गोव्यात जत्रेच्या नाटकाची तिथी ठरलेली असते. एखादा प्रवेश नीट बसला नाही म्हणून जत्रा पुढे जात नाही. तो प्रवेश गाळला जातो. रंगीत तालमीच्या वेळी शेवटच्या ओळीतून "ऐकू येत नाही" असे सांगणारा मनुष्य नाटकाचे हितच करीत असतो. आजच्या विषयाचे मर्म एवढेच आहे.

पत्रे, तक्ते व हिशेब यांसाठी 'लिब्रे ऑफिस' ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली विनामूल्य मिळते व ती मराठीतही वापरता येते. 'ओपन ऑफिस'पासून वेगळी होऊन २०१० साली तिचे कार्य सुरू झाले; जानेवारी २०११ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. तिची नवी मुख्य आवृत्ती साधारणतः फेब्रुवारी व ऑगस्ट अशी वर्षातून दोनदा निघते. तारीख आधी ठरते. वेळेत तयार न झालेली सुधारणा पुढील आवृत्तीपर्यंत थांबते. आधी अल्फा, मग बीटा या चाचणी आवृत्त्या येतात. त्यानंतरच्या उमेदवार आवृत्त्यांत नवे काही घालीत नाहीत, फक्त दोष काढतात.

परंतु वेळापत्रक कितीही काटेकोर असले, तरी तालमीला प्रेक्षकच नसतील तर दोष प्रयोगाच्या दिवशी दिसतात. माझ्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका पंचायतीत दुसऱ्याच एका लेखनप्रणालीची नवी आवृत्ती बसविली आणि ग्रामसभेच्या सूचनेतील जोडाक्षरे सुटी पडली. माणसांची नावे वाचता येईनात. लिपिकाने रात्री बसून सूचना हाताने लिहिली. चाचणीच्या काळात कोणी एक मराठी पान उघडून पाहिले असते, तर हा दोष वेळीच ध्यानात आला असता. आपली लिपी आपल्याइतकी बारकाईने दुसरे कोण पाहणार?

यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. लिब्रे ऑफिसची चाचणी आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीशेजारी स्वतंत्रपणे बसते. ऑगस्टच्या आवृत्तीची बीटा जूनच्या सुमारास व फेब्रुवारीच्या आवृत्तीची डिसेंबरच्या सुमारास येते. त्या वेळी आपले निकालपत्रक किंवा करवसुलीचा तक्ता तिच्यात उघडावा, छापावा व जुन्या प्रतीशी ताडून पाहावा. मात्र हे काम कागदपत्रांच्या नकलेवरच करावे; मूळ दप्तराला हात लावू नये.

दोष आढळल्यास प्रकल्पाच्या 'बगझिला' या सार्वजनिक नोंदवहीत तो सोप्या इंग्रजीत नोंदवावा. "चालत नाही" एवढेच लिहिणे व्यर्थ होय. आवृत्ती कोणती, काय केले, काय व्हावयास हवे होते व काय झाले, हे क्रमाने लिहावे. एका नोंदीत एकच दोष असावा. सोबत लहानसा नमुना जोडावा. त्यात विद्यार्थ्यांची वा नागरिकांची नावे नसावीत, कारण ही वही कोणीही वाचू शकतो.

पूर्वी ठीक चालणारी गोष्ट बिघडली असेल, तर ती शेवटी कोणत्या आवृत्तीत ठीक होती हेही अवश्य लिहावे. त्या आवृत्तीपासून आजपर्यंत १,००० बदल झाले असले, तरी मधला बदल तपासून दर वेळी निम्मे बाजूला सारता येतात आणि सुमारे १० चाचण्यांत दोषाचे मूळ सापडते. आपली एक ओळ प्रणालीकारांचे कित्येक दिवस वाचविते.

दोष दूर झाल्याचे कळल्यावर पुढील चाचणी आवृत्तीत तो पुन्हा तपासावा. तेव्हाच काम पुरे झाले असे समजावे. तारीख जवळ आल्यावर केलेली दुरुस्ती नवा बिघाड घडवू शकते. म्हणून तक्रार ऑगस्टमध्ये करण्यापेक्षा जूनमध्ये केलेली बरी.

विनामूल्य मिळालेल्या वस्तूचे मोल आपण पैशाने देत नाही. ते वर्षातून दोन सायंकाळी देता येईल. प्रत्येक शाळेतून व प्रत्येक पंचायतीतून एकाने तरी या तालमीला बसावे, एवढीच माझी विनंती आहे.