करदोडा

मी लातूर जिल्ह्यातल्या जळकोटचा. उदगीरच्या पुढं, बालाघाटच्या चढउतारात आमचं गाव आहे. नोकरी सगळी लातुरात, बँकेत झाली. सध्या मुलीकडं अमेरिकेत आलोय, म्हणून मंडळानं बोलावलं आणि विषय दिला: बैठ्या अंगानं वजन कमी करायला सुरुवात कशी करावी. मी डॉक्टर नाही. माझ्या अंगावरून जे गेलं तेवढंच सांगतो.

२०१९च्या जानेवारीत येळवस आली. लातूर-धाराशिवकडच्या मंडळींना येळवस सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या, अख्खं घर शेतात, कडब्याची कोपी, पाच पांडवांची पूजा आणि मग भज्जी, उंडे, आंबील. रस्ता संपतो तिथून आमचं शेत पाऊण किलोमीटर आत आहे. आंबिलाचं बिंदगं मी हौसेनं डोक्यावर घेतलं. दुसऱ्या बांधावर धाप लागली. तिसऱ्या बांधावर पुतण्यानं काही न बोलता ते माझ्या डोक्यावरून उतरवून घेतलं. याच वाटेनं शाळकरी वयात मी दिवसातून दोनदा न्याहारी पोचवत होतो.

विहिरीवर हातपाय धुताना सदरा वर सरकला आणि मायला करदोडा दिसला. काळा गोफ पोटात रुतून बसला होता, वर एक वळकटी, खाली एक. "बसून बसून जड व्हायलास रे लेकरा," एवढंच ती म्हणाली. रात्री घरी आल्यावर तिनं तो कापला आणि नवा बांधला. जुना नव्याशेजारी धरून बघितला, तर नवा वीतभर जास्त लागला होता.

तो वीतभर दोरा कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. पुढं वाचनात आलं की डॉक्टरांनीही माणसं अशीच मोजली आहेत. लंडनच्या दुमजली बसमध्ये कंडक्टर दिवसभर जिना चढायचा-उतरायचा आणि ड्रायव्हर बसून असायचा. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. १९५६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या लोकांच्या गणवेशाच्या विजारींची मापं तपासली, तर ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली.

आपल्या लोकांचं आणखी एक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून इथल्या तक्त्यात बीएमआय २५च्या आत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. आशियाई माणसांनी २३पासूनच मधुमेहाची तपासणी करावी, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते. आपल्याकडं पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८०च्या आत असावी असं धरतात. माझी १०४ होती. वजन ९१ किलो, तीन महिन्यांची साखर ६.१. मधुमेह नव्हता, पण उंबरठ्यावर उभा होता.

त्या वेळी लातुरात एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, डॉ. जगन्नाथ दीक्षित. ते तेव्हा आमच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून त्यांनी वजन उतरवायला दोनच वेळा जेवण्याचा मार्ग घेतला. खरी भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचं, जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन वाढतं आणि ते चढं असेपर्यंत साठलेली चरबी वापरली जात नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर डॉक्टरांमध्ये वाद झाले, अजून आहेत. चीनमधल्या ग्वांगझूत १३९ जणांवर वर्षभर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी दिले होते, एका गटाला त्याशिवाय खाण्याचे तासही बांधून दिले होते. उतरलेल्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. पण माझ्यासारख्याला उष्मांक मोजत बसणं जमत नाही, दोन वेळा मोजणं जमतं.

सुरू करण्याआधी आठ दिवस मी फक्त वहीत लिहिलं. तोंडात काही टाकलं की एक रेघ. बँकेत एका दिवसाच्या ११ रेघा झाल्या. त्यातले पाच साखरेचे चहा, एक कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा, एक मूठ शेंगदाणे. भूक त्यात दोनदाच होती, सकाळी साडेनऊला आणि रात्री साडेसातला. त्याच दोन वेळा धरल्या.

चालण्यात मात्र चूक केली. पहिल्याच दिवशी ४५ मिनिटं गेलो आणि गुडघा धरून चार दिवस बसलो. मग १५ मिनिटांपासून सुरू केलं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली. चौथ्या महिन्यात काटा अडकला, सहा आठवडे हलेना. सोडून द्यावं वाटलं. पण करदोडा सैल होत होता, तो कमरेवरून खाली सरकू लागला होता. तेव्हापासून सकाळी २० बैठकाही घालू लागलो, कारण खाणं कमी केलं की चरबीबरोबर मांसही जातं. ताटात ज्वारीची भाकरी दोनवरून एकावर आली, तुरीचं घट्ट वरण आणि अंबाडीची भाजी वाढली. पुढच्या येळवशीला मी ८१ किलोचा होतो आणि बिंदगं कोपीपर्यंत मीच नेलं.

२०२०च्या टाळेबंदीत पाच किलो परत चढलं. दुसऱ्यांदा सुरुवात करणं मला पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण पहिल्या खेपेचा उत्साह नव्हता. तेव्हा कळलं की लहानपणी मला चालायला कुणी शिकवलं नव्हतं. कामच चालवत होतं. विहीर लांब, शाळा लांब, रान लांब. आता काही लांब राहिलं नाही. माझी मुलगी घरातून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून पार्किंगमध्ये, तिथून लिफ्टमध्ये जाते. तिच्या दिवसात ५०० पावलंही आपसूक पडत नाहीत. जे कामानं आपोआप होत होतं ते आता वेळ बांधून, कुणाला तरी सांगून करावं लागतं. म्हणून आम्ही चार सोबत्यांनी ठरवलं, रोज सकाळी सहा वाजता एकाच कट्ट्याशी भेटायचं आणि रविवारी एकाच काट्यावर उभं राहायचं. जो येणार नाही त्याच्या घरी बाकीचे तिघे जाणार.

अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासाची रीत वेगळी नव्हती. ३,२३४ माणसं, त्यांतल्या एका गटाला आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, सात टक्के वजन कमी करण्याचं लक्ष्य आणि सोबतीला ठरलेल्या दिवशी भेटणारा मार्गदर्शक. २००२ साली निष्कर्ष आला की या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. सात टक्के म्हणजे ९० किलोच्या माणसाला सहा-साडेसहा किलो. एवढंच. तसा वर्षभराचा कार्यक्रम तुमच्याकडं ठिकठिकाणी चालतो, चौकशी करा. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचाराच, साखर एकदम खाली जाऊ शकते. पोटुशी बाई, वाढत्या वयाची मुलं यांनी दोनदाच जेवण्याचा हा मार्ग धरू नये.

आज माझं वजन ८३ आहे. दोन किलो अजून बाकी आहेत.

मुलीच्या घरामागं एक तळं आहे, त्याला एक फेरी मारायला १५ मिनिटं लागतात. उद्या रविवार. सकाळी सात वाजता मी तिथं असेन. मुलगी येते म्हणाली आहे. तुमच्यातलं कुणी येणार असेल तर चहाच्या वेळी मला नाव सांगून ठेवा, म्हणजे आला नाहीत तर तुमच्या घरी यायला बरं.