एक कळ, अनेक ओळी
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ग्रंथसंग्रहालयाच्या व्यासपीठावरून मी संगणकातील एका कळीविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेली दोन वर्षे आपली जुनी ग्रंथसूची संगणकावर उतरवण्याचे काम ज्या चारपाच जणांनी केले त्यांतील मी एक. त्या कामात जे हाती लागले आणि जे हातून बिघडले, ते सभासदांपुढे मांडणे माझे कर्तव्य आहे.

ज्या वडोदऱ्यात १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, तेथे कार्डांच्या खणांचे महत्त्व मी सांगायला नको. आपल्याकडील कार्डे तीन पिढ्यांच्या ग्रंथपालांच्या हस्ताक्षरांत आहेत. ती आम्ही साध्या मजकुराच्या फायलींत उतरवली. एका ओळीस एक ग्रंथ, आणि लेखकांची यादी निराळी.

मजकूर-संपादकात कर्सर म्हणजे लुकलुकणारी उभी रेघ. ती जेथे असेल तेथे अक्षर उमटते. टंकलेखन यंत्रापासून आपल्या मनात बसले आहे की ही जागा एकच असायची. अलीकडच्या संपादकांत मात्र अशा शंभर रेघा एकाच वेळी उभ्या करता येतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून रॉबर्ट मिलर आणि ब्रॅड मायर्स यांनी २००१ साली या धर्तीच्या संपादनावर निबंध मांडला होता. पुढे सब्लाइम टेक्स्ट आणि २०१५ साली आलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड यांनी ही सोय घरोघर नेली. एखादा शब्द निवडून कंट्रोल आणि डी दाबावे, की खालचा तसाच शब्द निवडला जातो. पुन्हा दाबावे, त्याच्या खालचा. मग जे टंकाल ते सर्वत्र उमटते.

यातील खरी गंमत अशी की प्रत्येक रेघ आपापल्या ओळीपुरती स्वतंत्र असते. लेखकांची नावे कार्डांवर ‘विष्णु सखाराम खांडेकर’ अशी होती. सूचीत आडनाव आधी हवे. चारशे ओळींवर चारशे रेघा उभ्या केल्या. ‘एंड’ कळ दाबताच प्रत्येक रेघ आपल्या ओळीच्या शेवटी गेली, मग ओळ लांब असो वा आखूड. शेवटचा शब्द निवडला, कापला, ‘होम’ दाबून ओळीच्या आरंभी डकवला, पुढे स्वल्पविराम दिला. प्रत्येक रेघेने आपण कापलेलेच आडनाव आपल्याच ओळीत ठेवले. आठवड्याचे काम मिनिटभरात झाले. आम्ही चहा मागवला. चहा येईपर्यंत कोणाच्या तरी लक्षात आले की यादीत ‘गुरुजी, साने’ असे एक नवे लेखक अवतरले आहेत!

हा दोष हसण्यावारी गेला, कारण तो डोळ्यांना दिसला. दुसरा दिसला नाही.

महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांनुसार अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांवर ‘नांव’, ‘पांच’ अशी रूपे आहेत. आजचा वाचक ‘पाच’ टंकून शोधतो आणि पुस्तक सापडत नाही. म्हणून मी ‘पांच’ ही अक्षरे निवडली, सारी ठिकाणे एकदम धरली आणि अनुस्वार काढला. पंगतीत मीठ वाढावे तसे एका हाताने सर्व पानांवर! फाईल जतन केली, बंद केली. म्हणजे केलेले मागे घेण्याची वाटही बंद झाली.

पुढे तीन आठवड्यांनी एक वयस्कर सभासद भगिनी आल्या. “अहो, पांचालीवरचं ते जुनं नाटक काढून द्या ना. लग्न होऊन इथं आले, तेव्हा तुमच्याकडूनच नेलं होतं.” संगणक म्हणे, असे पुस्तक नाही. मी तेच त्यांना सांगितले, आणि त्या निमूटपणे परत गेल्या. आमचे निवृत्त ग्रंथपाल नाना शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत. उठले, खण ओढला आणि कार्ड माझ्यापुढे ठेवले. माझ्या एका कळीने पांचालीची ‘पाचाली’ झाली होती, पांचजन्याचा ‘पाचजन्य’, आणि पांचाळ आडनावाच्या लेखकांना तर मी नवीच आडनावे दिली होती. ते नाटक त्याच संध्याकाळी मी बाईंच्या घरी नेऊन दिले. “नाही म्हणालात, तेव्हा वाटलं रद्दीत गेलं असेल,” एवढेच त्या म्हणाल्या.

यंत्र शब्द ओळखत नाही, अक्षरांची खूण ओळखते. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिले जाते: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखी. पण आमच्या दोन सहकाऱ्यांनी दोन तऱ्हांनी टंकल्यामुळे रेघा अर्ध्याच नोंदींवर उभ्या राहत, आणि उरलेल्या अर्ध्या आम्हांला ठाऊकही नसत.

आता आम्ही ठिकाणे एकदम धरत नाही. एकेक पाहून धरतो. नको ते ठिकाण आले तर कंट्रोल-के आणि कंट्रोल-डी दाबून ते सोडून पुढे जाता येते. वेळ लागतो, तरी हाताने लिहिण्याच्या मानाने थोडाच. शिवाय मूळ शीर्षकाला आता हातच लावत नाही. लेखकाने ‘नांव’ छापले असेल तर ते तसेच राहते, आणि शोधासाठी शेजारच्या रकान्यात ‘नाव’ येते.

कार्यकारिणीपुढे कार्डांची कपाटे काढून टाकून वाचनकक्षाला जागा करण्याचा ठराव आहे. जागा हवी, हे मला मान्य आहे. खुर्च्या अपुऱ्या पडतात हे मीही पाहतो. परंतु ‘क’ ते ‘प’ एवढीच कार्डे आजवर संगणकाशी ताडून झाली आहेत. ‘फ’पासून पुढचे खण बाकी आहेत. तेवढे होईपर्यंत कपाटे हलवू नयेत, अशी माझी विनंती आहे. आणि ज्यांना जुने मोडी वळणाचे हस्ताक्षर वाचता येते अशा सभासदांनी शनिवारी दुपारी तासभर यावे. नाना तेथे असतातच.