एका विभागाची परंपरा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या रिसोड-मंगरूळपीरच्या रस्त्यावर अपघातात कुणाच्या डोक्याला जबर मार लागला, की घरची माणसे त्याला घेऊन अकोल्याकडे वा नागपूरकडे धावतात. परंतु मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे हात घडतात कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

मुंबईत परळ येथे सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. ‘स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी’ हे त्या महाविद्यालयाचे ब्रीद होय.

तेथील मेंदू-शल्यचिकित्सा विभागाचा पाया डॉ. होमी दस्तूर यांनी घातला. पुढे डॉ. सुनील पंड्या यांनी ती धुरा वाहिली. वैद्यकीय नीतीला वाहिलेल्या, १९९३ साली निघालेल्या नियतकालिकाचे ते संस्थापक-संपादक होते. त्यांच्यानंतर डॉ. अतुल गोयल आले. मानेचे पहिले दोन मणके जागचे सरकले, तर मज्जारज्जू दबून हातपाय लुळे पडू शकतात. हे मणके पट्टी व स्क्रूने घट्ट जोडण्याची रीत गोयल यांनी सहकाऱ्यासह १९९४ साली प्रसिद्ध केली. आज ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. महापालिकेच्या, गोरगरिबांच्या रुग्णालयातून हे ज्ञान जगाला मिळाले!

या वाटेवर आपलेही पूर्वज होते. हजार वर्षांपूर्वी कॉर्डोव्याच्या अबुल कासिम अल्-जहरावी यांनी तीस भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटच्या भागात शस्त्रक्रियेची हत्यारे चित्रांसह दिली असून, कवटी फुटल्यास काय करावे हेही सांगितले आहे. युरोपने तो लॅटिनमध्ये नेऊन कित्येक शतके अभ्यासला. पण मित्रांनो, पूर्वजांच्या अभिमानावर प्रवेश मिळत नाही!

हिशेब ऐका. बारावीनंतर एम. बी. बी. एस.ची साडेपाच वर्षे, एम. एस.ची तीन, एम. सीएच.ची तीन; एकूण साडेअकरा. प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मराठीतून व उर्दूतूनही देता येते. भाषेची अडचण नाही. अडचण आहे आपल्या धीराची. दहावी झाली की मुलाला कामाला लावतो, मुलीचे लग्न उरकतो.

दस्तूरांनी लावलेल्या झाडाची फळे पुढच्या पिढ्यांनी चाखली. पालकहो, आपणही एवढी वाट पाहू या. आपल्या गल्लीतील एखादी मुलगी उद्या जखमी माणसाचा जीव वाचवील, तेव्हा तो कोणत्या जातीचा, हे ती विचारणार नाही. अल्लाह आपल्याला हा धीर देवो. आमीन.