फुकटची डिश की रिचार्जवाली? घरच्या टीव्हीचा हिशेब

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय. बोलताना मध्ये मध्ये आलेली 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडी कापलीत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय तुम्हाला जरा 'जुना' वाटेल. टीव्ही. तुम्ही म्हणाल, आम्ही सगळं फोनवर बघतो, टीव्हीचं काय घेऊन बसलास? बरोबर. पण एक सांगा, गावाकडच्या टीव्हीचा रिचार्ज कोण मारतं? आईचा किंवा आजीचा फोन येतो, "अरे, टीव्ही बंद पडलाय, जरा बघ ना," आणि आपण बसमध्ये उभ्या उभ्या यूपीआयनं तीनशे रुपये मारून मोकळे होतो. निर्णय आपण घेतो, बघणारं माणूस वेगळंच असतं. म्हणून हा भाग तुमच्यासाठी आहे. रिचार्जवाली डिश चालू ठेवायची की डीडी फ्री डिश लावून टाकायची, हा आजचा प्रश्न.

आधी फ्री डिश म्हणजे काय ते बघू. प्रसार भारतीनं, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेनं, डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाची सेवा सुरू केली. सुरुवातीला त्यावर ३३ चॅनल्स होती. पुढे तिचंच नाव 'फ्री डिश' झालं. छत्री, सेट टॉप बॉक्स, वायर आणि बसवण्याची मजुरी असा एकदाच साधारण दीड-दोन हजारांचा खर्च. त्यानंतर महिन्याला शून्य रुपये. ना केवायसी, ना रिचार्ज, ना 'तुमचा पॅक संपतोय'चा मेसेज.

दुसरीकडे पैसे भरून घेतलेली डिश. समजा महिन्याला ३०० रुपये. वर्षाचे झाले ३,६००. पाच वर्षांचे १८,०००. महिन्याला ३०० म्हणताना काही वाटत नाही, पण १८ हजार म्हटलं की जरा थांबायला होतं ना?

लोकही थांबलेत. ट्रायच्या आकड्यांत खासगी डिशचे चालू ग्राहक २०२०च्या अखेरीला सुमारे ७ कोटी होते, ते २०२४ संपता संपता ६ कोटींच्या खाली आले. त्याच काळात फ्री डिश वाढत गेली. सरकारी माहितीप्रमाणे २०१८ मध्ये अंदाजे ३.३ कोटी घरांत होती, २०२४ मध्ये ती ५ कोटींच्या जवळ पोचली.

मग विषय संपला? सगळ्यांनी फ्री डिश घ्यायची? थांबा. फुकट म्हणजे नेमकं कुणाला फुकट, ते आधी बघू.

फ्री डिशवर जागा मोजक्या असतात. त्या जागांना स्लॉट म्हणतात आणि प्रसार भारती त्यांचा ई-लिलाव करते. खासगी चॅनल बोली लावतं, कोट्यवधी रुपये भरतं आणि ठरावीक मुदतीसाठी जागा घेतं. हे पैसे ते जाहिरातींतून वसूल करतं. म्हणजे रिचार्ज तुम्ही मारत नाही, तुमच्या वतीनं साबणवाला, बिस्किटवाला आणि चॅनलवाला मारतो. यात वाईट काही नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तिथे काय दिसणार हे लिलावात ठरतं. तुमच्या आईला काय आवडतं, हा प्रश्न त्या लिलावात कुणी विचारत नाही.

याचा परिणाम २०१९ मध्ये दिसला. स्टार, झी, सोनी आणि कलर्सवाली व्हायाकॉम, या चारही मोठ्या कंपन्यांनी आपली फ्री डिशवरची हिंदी मनोरंजनाची चॅनल्स काढून घेतली. २०२० मध्ये ती परत आली. एप्रिल २०२२ मध्ये ती पुन्हा गायब झाली. का? कारण जी मालिका एका घरात फुकट दिसते, तिच्यासाठी दुसऱ्या घराकडून पैसे कसे मागणार? कंपन्यांचा हिशेब बदलला की चॅनल जातं, पुन्हा बदलला की येतं. घरी बसलेल्या माणसाला मात्र एवढंच कळतं की कालपर्यंत लागत होतं, आज लागत नाही. आणि तक्रार तरी कुणाकडे करणार? पैसेच भरलेले नाहीत.

आता मराठी बघणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. फ्री डिशवर बोलबाला हिंदीचा आहे, कारण देशभर जाहिरात तिथेच जास्त मिळते. मराठीत डीडी सह्याद्री कायम आहे. फक्त मराठी, सन मराठी, शेमारू मराठीबाणा ही चॅनल्सही तिथे दिसलेली आहेत, पण यादी बदलत राहते, त्यामुळे घेण्याआधी त्या दिवसाची यादी बघा. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी ही मात्र पैशांची चॅनल्स. आईची रात्री साडेआठची मालिका यांपैकी एखाद्यावर असेल, तर फ्री डिश लावून तुम्ही पैसे वाचवाल आणि तिची संध्याकाळ काढून घ्याल. ती बोलणारही नाही. "असू दे रे, दिसतंय ते बघते," म्हणेल. आपल्याकडची माणसं अशीच असतात.

क्रिकेटचं गणित मात्र उलटं आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं.

जानेवारी २००७. नागपूरला भारत-वेस्ट इंडीज वनडे. हक्क खासगी कंपनीकडे होते, त्यामुळे दूरदर्शनवर मॅच नाही. देशभर आरडाओरडा झाला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, आणि दूरदर्शनला पुढच्या सामन्यांचं प्रक्षेपण सात मिनिटं उशिरानं दाखवायची मुभा मिळाली. सात मिनिटं! शेजारी 'सिक्स!' म्हणून ओरडतो आणि आपल्याकडे अजून बॉलर चेंडू पॅन्टला घासतोय. लगेच सरकारनं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीनं प्रसार भारतीला द्यायचं. पुरुष संघाचे अधिकृत वनडे आणि टी-ट्वेंटी सामने त्या यादीत आहेत.

पुढची गंमत ऑगस्ट २०१७ची. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शननं फक्त स्वतःच्या जाळ्यावर दाखवायचं, म्हणजे अँटेनावर आणि फ्री डिशवर. खासगी डिशवर किंवा केबलवर डीडीचं चॅनल असलं तरी तिथे ती मॅच दिसणार नाही. आता विचार करा. महिन्याला पैसे भरणाऱ्याला भारताची मॅच बघायला स्पोर्ट्सचं वेगळं चॅनल विकत घ्यावं लागतं, आणि फ्री डिशवाला तीच मॅच डीडीवर फुकट बघतो. फक्त आयपीएल त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा.

मग ठरवायचं कसं? मी माझ्या आत्याच्या बाबतीत जे केलं ते सांगतो. आत्या कऱ्हाडजवळ एका गावात राहते, एकटीच. तिचा रिचार्ज माझ्या फोनवरून होतो. मी तिला विचारलं, "आत्या, तू नक्की काय काय बघतेस गं?" ती म्हणाली, "सगळंच बघते की. तू लावून दिलंयस ना सगळं?" हे उत्तर काही कामाचं नव्हतं. मग तिला म्हटलं, आठवडाभर कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिही, आज कुठलं चॅनल लावलं. तिनं इमानदारीत लिहिलं. आठवड्यात एकूण पाच चॅनल्स निघाली. दोन मालिकांची, सह्याद्री, एक बातम्यांचं आणि एक भजन-कीर्तनाचं. त्यातली पैशांची फक्त दोन. बाकी शंभरावर चॅनल्सना तिनं हातही लावला नव्हता.

म्हणून तिच्याकडे रिचार्जवाली डिश ठेवली, पण मोठा पॅक काढून टाकला. तुम्हालाही हे करता येतं. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमानं प्रत्येक पैशांच्या चॅनलची सुटी किंमत जाहीर करावी लागते आणि ते एकेक करून निवडता येतं. बिलाचे दोन भाग असतात. एक नेटवर्कचं भाडं, बिलावर त्याला 'एनसीएफ' लिहितात. २०१९ मध्ये त्याची कमाल मर्यादा १३० रुपये होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ती मर्यादा उठवली, त्यामुळे आता कंपनीनुसार आकडा वेगळा असतो. दुसरा भाग पैशांच्या चॅनल्सचा. कंपनीच्या ॲपमध्ये 'माय पॅक' किंवा तशा नावाखाली गेलात की सगळी यादी दिसते. तिथे एकेक चॅनल काढून बघा. कधी कधी सुट्या चार चॅनल्सपेक्षा छोटा पॅक स्वस्त पडतो, तेव्हा दोन्ही हिशेब मांडा. दहा मिनिटांचं काम आहे.

उलट उदाहरण माझ्या रूममेटचं. तो बीड जिल्ह्यातला. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पाच-सहा महिने घराला कुलूप. तिथे महिन्याचा पॅक म्हणजे कुलपाला टीव्ही दाखवणं. त्यांच्याकडे फ्री डिश आहे आणि तीच बरोबर आहे. परत आले की प्लग लावायचा, टीव्ही सुरू. वडिलांना बातम्या आणि मॅच, आईला जुने सिनेमे. त्यांना या डिशनं काहीही कमी पडत नाही. आणि 'आम्हाला फुकटची परवडते म्हणून' असं ओशाळून सांगायचंही कारण नाही. आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच सांगितलंय.

थोडक्यात माझं मत असं. घरात ठरावीक मराठी मालिका रोज बघितली जात असेल, तर रिचार्ज ठेवा, पण पॅक छाटा. बातम्या, भारताचे सामने, जुने सिनेमे आणि सह्याद्री एवढ्यावर भागत असेल, किंवा घर वर्षातले काही महिने बंद असेल, तर फ्री डिश. पोरंसोरं फोनवरच बघतात आणि टीव्ही नुसता शोकेसमध्ये आहे, तर दोन्हीची गरज नाही. प्रसार भारतीचं 'वेव्हज' नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत सुरू झालं, दूरदर्शनची चॅनल्स त्यावर फोनवरच दिसतात. फक्त डेटा तुमचा.

फ्री डिश घेणार असाल तर तीन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, बॉक्स 'एमपेग-४'वाला घ्या. जुना 'एमपेग-२' बॉक्स दुकानदार दोनशे-तीनशे कमी करून गळ्यात मारतात, त्यावर काही चॅनल्स दिसतच नाहीत. दुसरी, फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ पूर्वेला ९३.५ अंशांवर आहे. मुंबई-पुण्याकडून बघितलं तर छत्रीचं तोंड आग्नेयेला येतं. त्या बाजूला आंब्याचं झाड किंवा शेजाऱ्याची नवी माडी आडवी येत नाही ना, ते आधी बघा. तिसरी, इथे कस्टमर केअरचा माणूस घरी येत नाही. वाऱ्यानं छत्री हलली तर गावातल्या डिशवाल्यालाच बोलवावं लागेल, त्याचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. बाकी मुसळधार पावसात चित्र जाणं दोन्हींकडे सारखंच. पैसे भरले म्हणून ढग बाजूला होत नाहीत.

आणि एक विनंती. जुनी डिश बंद करण्याआधी घरच्यांशी बोला. आपल्याला ३०० रुपये वाचलेले दिसतात. ज्यांचा दिवस शेतात किंवा चुलीपुढे जातो आणि रात्रीचा एक तासच स्वतःचा असतो, त्यांच्यासाठी ते ३०० रुपये कदाचित घरातला सगळ्यात स्वस्त खर्च असेल. नसेलही. पण ते त्यांनी सांगायला हवं, आपण परस्पर ठरवायचं नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. आज रात्री घरी फोन करा आणि 'जेवलीस का'च्या पुढे एक प्रश्न विचारा, "टीव्हीवर सध्या काय बघतेस?" काय उत्तर आलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात त्यातली काही ऐकवेन. पुढच्या वेळी बोलू मोबाईलच्या वर्षाच्या प्लॅनबद्दल, तो खरंच स्वस्त पडतो का. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!