लकवा, मेंदू आणि गडचिरोली: चिप हवी की टोपी?

आजचा विषय आहे मेंदूला कॉम्प्युटर जोडून लकवा झालेले हातपाय पुन्हा हलवणं. न्यूरालिंकचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. मी बघणार आहे ते इंजिनियरच्या नजरेतून: यातलं आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या गावात काय चालेल?

आधी आपला लकवा समजून घेऊ. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या नंबरवर कोण? स्ट्रोक. दर सात मृत्यूंमागे एक, आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले. जे वाचतात, त्यातले कित्येक जण एक हात, एक पाय लुळा घेऊन त्याच घरात राहतात.

आता फरक बघा. मणक्याला मार लागला की मेंदू ठीक, पाय ठीक, मधली केबल तुटते. स्ट्रोकमध्ये केबल नाही, टॉवरच जळतो. मेंदूचा एक भाग मरतो, त्यामुळे हाताला ऑर्डर देणारंच कुणी उरत नाही.

केबलवाल्या केसमधलं मोठं काम स्वित्झर्लंडमधलं, २०२३ चं. २०११ मध्ये सायकल अपघातात पाय अधू झालेल्या एका माणसाच्या मेंदूवर आणि पाठीच्या कण्यावर इलेक्ट्रोड बसवले. 'पाऊल उचलायचंय' हा सिग्नल कॉम्प्युटर वाचतो आणि कण्याला करंट देतो. तो माणूस चालला. पण खरी बातमी पुढे आहे: भरपूर सरावानंतर मशीन बंद ठेवूनही तो कुबड्यांवर चालू शकला. म्हणजे मशीनने नसांना नवीन काहीतरी शिकवलं!

टॉवर जळालेल्या केसमध्येही हीच शिकवणी चालते, तीही ऑपरेशनशिवाय. २०२१ मध्ये अमेरिकेत 'इप्सीहँड' नावाच्या यंत्राला मंजुरी मिळाली. डोक्यावर टोपी, हातावर पट्टा. पेशंट मनात म्हणतो, मूठ उघड. मेंदूच्या चांगल्या बाजूचा सिग्नल टोपी पकडते आणि पट्टा बोटं उघडतो. इच्छा झाली, हात हलला, मेंदूला कळलं. हे पुन्हा पुन्हा केलं की मेंदू जळालेल्या टॉवरला वळसा घालून नवा रस्ता शोधतो. तेही घरी बसून.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर. पर्लकोटेला पूर आला की कित्येकदा रस्ताच बंद. कवटी उघडून चिप बसवली, तर दर वेळी तपासणीला कोण नेणार? आपल्याला टोपी हवी. स्वस्त, नेटवर्कशिवाय चालणारी, माडिया, गोंडी आणि मराठीत बोलणारी, तालुक्यात दुरुस्त होणारी. आणि सराव करून घ्यायला घरातलं माणूस किंवा आशाताई हवी, कारण रोजच्या सरावाशिवाय मशीन म्हणजे नुसतं खेळणं.

हे बनवणं नागपूर-पुण्यात कोडिंग करणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या आवाक्यातलं काम आहे. फूड डिलिव्हरीचं अजून एक अ‍ॅप थोडं थांबू शकतं.

आणि तोवर? घरातल्या मोठ्यांचं बीपी तपासा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर आधी १०८. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. वाचलेला टॉवर कधीही बरा.

भेटू पुढच्या भागात!